पूजलेल्या विटा

हौसाबाईला एकही बडबडगीत धड येत नव्हतं, हे मी आधीच सांगून टाकते. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, मुलांना ओळीत बसवता येत नव्हतं, आणि मिश्री लावली की ती बालवाडीच्या मागच्या भिंतीपाशीच थुंकायची. मी पुण्याला राहून बालशिक्षणाचा वर्षाचा कोर्स केला होता, दुसऱ्या नंबराने पास झाले होते, आणि माझ्याकडे गाण्यांची एक जाडजूड वही होती. हे सगळं मुद्दाम लिहिते आहे, कारण तिच्यासोबतच्या त्या दीड वर्षात मी ही यादी रोज मनातल्या मनात म्हणायची. आणि तरी रोज सकाळी दार उघडलं की मुलं माझ्या बाजूने धावत जाऊन तिच्या पदराला लोंबकळायची.

एकाहत्तर सालापर्यंतची ही गोष्ट, मोठा दुष्काळ पडायच्या आधीची. माझे यजमान नेवाशाजवळच्या एका साखर कारखान्यात केमिस्ट होते आणि कारखान्याच्या कॉलनीत मी बालवाडी चालवायची. खोली एकच, पण ऐसपैस. पूर्वी तिथे बारदान ठेवायचे. तीस-पस्तीस मुलं, सगळी कामगारांची. त्यांची नाकं पुसायला, खोली झाडायला आणि पाणी भरायला एक बाई द्या, म्हणून मी कारखान्याचे वेल्फेअर ऑफिसर देशमुख यांच्यामागे चार महिने भुणभुण लावली. तेव्हा कुठे त्यांनी रोजंदारीवर हौसाबाई पाठवली. म्हणजे ही ब्याद मीच मागून घेतली होती.

ती पाथर्डीकडची. उंच, काटकुळी, साधारण माझ्याच वयाची, म्हणजे तिशीतली. नवऱ्याबरोबर दरवर्षी ऊसतोडीला यायची. एका हंगामात उसाच्या फडातच नवऱ्याला साप चावला आणि तो गेला. मूलबाळ नव्हतं. गावी भाऊ होता, पण त्याच्या दारात भार होऊन जायचं कशाला, म्हणून ती इकडेच राहिली. वर्षभर प्रवरेच्या काठी एका वीटभट्टीवर राबली आणि मग आमच्याकडे आली. तिचे हात मात्र बघण्यासारखे होते. पंजे पुरुषासारखे मोठे, पण काही उचलायचं झालं की फक्त दोन बोटं पुढे यायची.

विटासुद्धा माझ्याच होत्या. कोर्सच्या वहीत लाकडी ठोकळ्यांचं एक चित्र होतं. ते दाखवून, अर्जावर अर्ज करून मी कारखान्याच्या सुतारमिस्त्रींकडून चारशे छोट्या विटा करून घेतल्या होत्या. यंत्रं ज्या खोक्यांतून यायची, त्यांच्या फळ्यांच्या. बोटभर लांब, दोन बोटं रुंद, अर्ध्या बोटाएवढ्या जाड, कडा घासून गुळगुळीत केलेल्या आणि गेरूने रंगवलेल्या. सोमवारी मोजणी, मंगळवारी घर, बुधवारी पूल, असं माझं वेळापत्रक ठरलेलं. मुलांनी सोमवारीच एकमेकांना फेकून मारल्या. दोघांची टाळकी फुटली, एकाने वीट चावून तिचा टवका काढला. मी विटा पेटीत भरून कुलूप लावलं.

हौसाबाई आली त्या आठवड्यात मी एकदा पेटी उघडी विसरले. दुपारी ती झाडत होती. चार-दोन मुलं घरी न्यायला कुणी आलं नाही म्हणून मागे राहिली होती. मी हजेरीपटात डोकं घालून बसले होते. मुलं गप्प आहेत हे जरा वेळाने माझ्या लक्षात आलं आणि मी वर पाहिलं. तिने पाऊणशे-एक विटा भिंतीच्या कडेने उभ्या केल्या होत्या, एकीमागे एक, मध्ये बोटाच्या पेराएवढं अंतर. तिने तोंडावर पदर धरला होता, श्वासाने वीट हलू नये म्हणून. मग तिने केरसुणीची एक काडी घेतली आणि पहिल्या विटेला नुसती टेकवली.

टिकटिकटिकटिक करत सगळी रांग कोपरा वळून दारापर्यंत आडवी झाली. शेवटची वीट उंबऱ्यावर आपटली आणि जो काही गलका झाला, तो ऐकून समोरच्या चाळीतल्या बायका धावत आल्या.

"हे तुम्हाला कुणी शिकवलं?" मी विचारलं.

"शिकवतंय कोन बाई! भट्टीवर कच्च्या इटा कडंवर हुभ्या करून वाळत घालायच्या. कुत्रं आलं, शेरडू आलं, येक पडली की धा जायच्या. मालक आयमाय काढायचा. तवाच कळलं, कुटली ईट कशी पडती ते."

"मग आता मुद्दाम कशाला पाडता?"

ती माझ्याकडे बघत राहिली. हा काय प्रश्न झाला, असा तिचा चेहरा होता. "आता शिव्या घालाया कोन हाय?" ती म्हणाली आणि विटा गोळा करायला वाकली.

त्या दिवसापासून पेटीला कुलूप लागलं नाही. माझं वेळापत्रक भिंतीवर तसंच राहिलं, पण चालायचं तिचं. ती रोज दुपारी थोडं थोडं वाढवायची. रांग आधी सरळ होती, मग वळली, मग विटांच्या पायऱ्या चढून उतरायला लागली. मग एक दिवस तिने माझी फूटपट्टी मागितली आणि एका विटेवर आडवी ठेवून तराजूसारखी झुलवली. शेवटची वीट पट्टीच्या एका टोकावर पडायची, दुसरं टोक वर उडायचं आणि तिथे अडवून ठेवलेली बेअरिंगची लोखंडी गोळी सुटायची. ती गोळी चिरलेल्या बांबूतून घरंगळत खिडकीपाशी जायची आणि तिथली दुसरी रांग पाडायची. बांबू तिने कुठून आणला कुणास ठाऊक. गोळी वर्कशॉपमधल्या पोरांनी आणून दिली. मला त्यांनी कधी साधा खिळा आणून दिला नव्हता.

तिच्या कामाची एक रीत होती. दर दहा-बारा विटांनंतर ती दोन विटांची जागा रिकामी सोडायची. तिला ती खिंड म्हणायची. मध्येच कुणाचा धक्का लागला तरी पडझड खिंडीपाशी थांबावी म्हणून. खिंडीतल्या विटा ती ओच्यात बांधून ठेवायची आणि सगळं तयार झालं की अगदी शेवटी, एकेक करून भरायची. तेव्हा खोलीत कुणी शिंकलं तरी ती डोळे वटारायची. मुलांना ती कधी गोंजारत नसे, शाबासकी तर कुणालाच देत नसे. "पडायचं त्यानं पडावं, पर सांगितल्यावर पडावं," एवढंच तिचं तत्त्वज्ञान. कुणी मदतीला पुढे आला की म्हणायची, "हात नगं, बोट आना." आणि चार वर्षांची ती कार्टी, माझ्या 'हाताची घडी तोंडावर बोट'ला ज्यांनी कधी दाद दिली नाही, ती पाऊण पाऊण तास तोंडावर हात दाबून बसायची.

ती गुणांची पुतळी होती असं नाही. भांडकुदळ होती. पाण्याच्या नळावर तिचं रोज कुणाशी तरी वाजायचं. मुलांनी स्वतःहून रांग लावली की ती मुकाट्याने उठून त्यातल्या तीन-चार विटा सरकवायची आणि वर म्हणायची, "आता लोट." रांग पडली की श्रेय तिचं. एकदा मॅनेजरसाहेबांच्या पत्नी पाहुण्यांना घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "अगं, ते तुझं दाखव की यांना." हौसाबाई झाडता झाडता म्हणाली, "आज न्हाई जमायचं. इटांचं मन न्हाई आज." मी मनातून इतकी खूश झाले! आता हिची हकालपट्टी होणार, मी काही करायची गरजच नाही. तर त्या बाई पाहुण्यांना कौतुकाने सांगतात, "बघा, किती मानी आहे!" तेच मी बोलले असते तर उर्मट ठरले असते.

आता जे सांगायचं ते सांगते. मीही करून पाहिलं. एका रविवारी बालवाडीची किल्ली घेऊन गेले, दाराला आतून कडी घातली आणि विटा मांडायला बसले. मला वाटत होतं, ज्या बाईला शंभरापुढे मोजता येत नाही तिला जमतं, तर मला का नाही? पट्टीने अंतर मोजून घेतलं. वीस झाल्या, तीस झाल्या, की हात कापायचा आणि सगळं आडवं. सहा वेळा. सातव्या वेळी पन्नासापर्यंत गेले आणि माझ्या पदराचाच फटका बसला. मी चक्क रडले. तेवढ्यात खिडकीत माझी नंदा दिसली. ती साडेचार वर्षांची होती, मला शोधत आली होती आणि गजाला धरून कधीपासून बघत होती. ती म्हणाली, "आई, तू नको करू. हौसामावशी येऊ दे."

पोटच्या पोरीने असं म्हटल्यावर माणसाला काय होतं, ते माझं मला माहीत. त्या रात्री नंदाने दुधाचे दोन पेले समोरासमोर ठेवून त्यांच्यात पेराएवढं अंतर आहे का ते बोटाने तपासलं आणि मी तिच्या पाठीत धपाटा घातला. यजमानांनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, दूध सांडत होती.

पुढल्या वर्षी श्रावणात देशमुखसाहेबांनी हौसाबाईचं ते सगळं प्रकरण पाहिलं. तोवर त्याचा शेवटही तयार झाला होता. खिडकीपाशी तिने विटांचाच एक लहानसा ऊसगाळपाचा चरक रचला होता. दुसरी रांग पडत पडत तिथे पोचली की एक दोरा सुटायचा, दोऱ्याला बांधलेली ऊसकांड्यांची इवलीशी मोळी चरकात पडायची आणि बैलाच्या गळ्यातलं एक घुंगरू वाजायचं. हंगाम सुरू! देशमुखसाहेब लहान मुलासारखे टाळ्या पिटत होते.

"सुमनबाई," ते मला म्हणाले, "दसऱ्याला चेअरमनसाहेब यंत्रांच्या पूजेला येतील तेव्हा त्यांना इथे घेऊन येतो. या बाईला कायम करायचं माझ्या मनात आहे. हंगाम तोंडावर आलाय, रोजंदारीची नावं कमी करतायत. हिचं नाव गेलं तर परत कोयता घेऊन फडात. साहेबांनी एकदा डोळ्यांनी पाहिलं की सही झालीच समजा." आणि मग आठवण झाल्यासारखं, "तुमचंही कौतुक आहे हं. विटा तुम्हीच करून घेतल्या होत्यात ना?"

हौसाबाई ऐकत होती. साहेब गेल्यावर ती मला म्हणाली, "बाई, खरंच व्हईल का वं? म्या पुन्यांदा फडात जायाची न्हाई. तितं जिवाला भ्या वाटतं." तिला साप आठवत असणार. मी म्हटलं, "होईल की." आणि मनात हिशोब केला, की ही कायम झाली तर अठ्ठावन्न वर्षांची होईपर्यंत मला रोज सकाळी हिचं तोंड बघायचं आहे. माझी बालवाडी तर गेलीच होती. आता ती तिच्या नावाने ओळखली जाणार आणि मी हजेरी घेणार.

दसऱ्याची आमच्याकडची रीत अशी, की सकाळी कारखान्यातल्या एकूण एक यंत्राची, हत्याराची पूजा व्हायची. बॉयलरपासून पान्यापर्यंत सगळ्याला हळदीकुंकू आणि झेंडूचं फूल. पूजा झाली की दिवसभर त्या वस्तूला हात लावायचा नाही. वापरायची ती दुसऱ्या दिवशी. या बाबतीत कारखाना फार कडक होता. एका वर्षी एका फिटरने पूजलेला हातोडा उचलला म्हणून हेडमिस्त्री तात्यांनी त्याला सगळ्यांसमोर बॉयलरपुढे नाक घासायला लावलं होतं. बालवाडीतली पूजा दरवर्षी मीच करायची. पाट्या, बाजाची पेटी, तराजू, एवढंच.

त्या दसऱ्याला मी आठ वाजता पूजेचं ताट घेऊन गेले. हौसाबाईने आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत बसून सगळं मांडलं होतं. पहाटे येऊन खिंडीही भरल्या होत्या आणि आता ती अंघोळ करून धुतलेलं लुगडं नेसायला गेली होती. चेअरमनसाहेब दहाला येणार होते. मी पाट्यांची पूजा केली. पेटीची केली. तराजूची केली. मग वळले तर विटांची रांग समोर पसरलेली. दारापासून सरस्वतीच्या तसबिरीच्या टेबलाला वळसा घालून, पायऱ्या चढून, बांबूखालून खिडकीपर्यंत. साडेतीनशेच्या वर विटा. सगळ्या सारख्या अंतरावर.

मी हे नकळत केलं असं म्हणायची सोय नाही. मला सगळं कळत होतं. मी धक्का मारून पाडल्या असत्या तर ते पाप झालं असतं, सगळ्यांना दिसलं असतं. हळदीकुंकू वाहणाऱ्या सवाष्णीला कोण काय म्हणणार? मी ओली अनामिका कुंकवात बुडवली आणि पहिल्या विटेला टेकवली. ती हलली नाही. दुसरीला टेकवली. वाकून, पदर खोचून, तोंडावर डावा हात धरून मी एकेका विटेला कुंकू लावत गेले. मध्ये मध्ये झेंडूची पाकळी. मला रविवारचे ते सगळे पराभव आठवत होते आणि आज माझा हात दगडासारखा स्थिर होता. एकही वीट पडली नाही. तासाहून जास्त वेळ लागला. शेवटी चरकाला मी अख्खं फूल वाहिलं आणि उदबत्ती लावली.

हौसाबाई आली आणि उंबऱ्यातच थांबली. तिने ते पाहिलं. मी म्हटलं, "म्हटलं, एवढं मांडलंय, तर पूजा करून टाकू." तिने हात जोडले आणि भिंतीला टेकून उभी राहिली. तिचा चेहरा बघायचं मी टाळलं.

चेअरमनसाहेब आले. मागे मॅनेजर, देशमुखसाहेब आणि पांढरं धोतर नेसलेले हेडमिस्त्री तात्या. देशमुखसाहेब उत्साहाने पुढे झाले, "साहेब, आता गंमत बघा. हौसाबाई, लाव काडी!" हौसाबाईने केरसुणीची काडी कनवटीला लावून आणली होती. ती बाहेर काढून ती पुढे झाली. पहिल्या विटेपाशी वाकलीसुद्धा.

"हां हां हां! थांब!" तात्या ओरडले. "पुजलंय न्हवं ते? कुंकू दिसत न्हाई का? आजच्या दिशी पुजलेलं पाडायचं? साहेब, बॉयलर पेटवायचा हाय आपल्याला. अपशकुन नगं."

देशमुखसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी सरस्वतीकडे पाहिलं. हौसाबाई वाकलेलीच होती, काडी विटेपासून चार बोटांवर. मग ती सरळ झाली. चेअरमनसाहेबांनी चपला काढल्या, विटांना नमस्कार केला आणि मला म्हणाले, "बाई, खेळण्यांची सुद्धा पूजा! मुलांवर फार चांगले संस्कार करताय तुम्ही." मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला. पुढच्या पाच मिनिटांत ते बॉयलरकडे गेले आणि दुपारी जीपमधून नगरला.

दुसऱ्या दिवशी हौसाबाईने मुलांना गोळा केलं आणि काडी नंदाच्या हातात दिली. मी दारात उभी होते. मी ते सगळं प्रकरण पहिल्यापासून शेवटपर्यंत एकटक असं त्याच दिवशी पाहिलं, आधी कधी धड पाहिलंच नव्हतं, मान वळवायची. विटा पडत गेल्या, पाकळ्या उडत गेल्या, वाळलेल्या कुंकवाची लाल धूळ रांगेवर तरंगत राहिली. पट्टी उडाली, गोळी सुटली, बांबूतून गडगडत गेली. कुठे अडलं नाही, कुठे चुकलं नाही. मोळी पडली आणि घुंगरू वाजलं. ज्याने बघायला हवं होतं, तो माणूस सोडून सगळ्यांनी पाहिलं. मी टाळी वाजवली नाही. हात उचललेच नाहीत.

विटा गोळा करताना ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाई, येवढ्याला कुंकू लावलं तुमी, आन् येक बी ईट पडली न्हाई." तिने कुणाला केलेली तेवढीच स्तुती मी ऐकली. दीड वर्ष मी त्या स्तुतीची वाट पाहत होते, हे मला तेव्हा कळलं. आणि ती अशा कामाला मिळाली.

देशमुखसाहेबांनी प्रयत्न केला, नाही असं नाही. पण ते मला म्हणाले, "साहेबांनी पाहिलंच नाही हो. आता मी मीटिंगमध्ये काय सांगू, एक बाई विटा फार छान पाडते म्हणून?" दिवाळीच्या आठ दिवस आधी रोजंदारीची नावं कमी झाली, त्यात तिचं होतं. पाथर्डीला तिचा भाऊ होता. त्याची बायको बाळंतीण झाली होती, त्यामुळे त्याला या हंगामाला जोडीदार नव्हता. त्याच्याबरोबर ती ऊस तोडायला जाणार होती.

ती निघाली त्या दिवशी नंदा रडून रडून लाल झाली, म्हणून मी तिला घेऊन फाट्यावर गेले. म्हणजे घरी तसं सांगितलं. खरं म्हणजे मी रात्रभर एक वाक्य पाठ केलं होतं: हौसाबाई, त्या दिवशी मी ते मुद्दाम केलं. एवढंच. मग तिने शिव्या द्याव्यात, नळावर देते तशा. फाट्यावर आणखी बरीच माणसं होती. पोती, कोंबड्या, एक ट्रंक. ती गाठोड्यावर बसली होती. मला बघून उठली.

"हौसाबाई, मला एक सांगायचंय," मी म्हटलं.

"मला बी," ती म्हणाली. "आधी म्या सांगते, न्हाईतर गाडी यील. बाई, मालक गेल्यापासनं माज्या कपाळाला कुंकू न्हाई, त्ये सोडा, त्ये नशीब. पर म्या हात लावलेलं बी कुनी पूजेला पुढं करत न्हाई. सनासुदीला माज्या हातचं पानी बी देवाला चालत न्हाई. आन् तुमी माज्या इटांस्नी कुंकू लावलं. येकयेकीला. तास तास वाकून. म्या दारात हुभी व्हते, मला बोलाया हुईना. साहेबानं बघितलं न्हाई तर न्हाई बघितलं. त्ये तात्या बोलले, त्याचं वाईट वाटलं येवढंच. तुमचं म्या इसरायची न्हाई."

मी तोंड उघडलं. वाक्य अगदी तयार होतं. ती माझ्याकडे बघत होती, आणि दीड वर्षात पहिल्यांदाच तिच्या नजरेत माझ्याबद्दल काहीतरी चांगलं होतं. ते मी घालवायचं? आणि तिच्याजवळचं तेवढंच काढून घ्यायचं? यातलं कुठलं कारण खरं होतं, हे माझं मला कधीच ठरवता आलं नाही. मी म्हटलं, "जपून राहा. फडात पायांकडे बघून चाला."

"तुमाला काय सांगायचं व्हतं?"

"हेच," मी म्हटलं.

गाडी आली ती भरूनच. माणसं दाराशी रेटारेटी करत होती, कंडक्टर ओरडत होता. हौसाबाईने नंदाच्या गालावरून दोन बोटं फिरवली आणि गर्दीत घुसली. मला तेव्हाही तिचा हेवाच वाटला. माझ्या हातून झालेल्या सगळ्यात वाईट कामातून ती एक चांगली गोष्ट उचलून घेऊन चालली होती, आणि मला मात्र ते जसं होतं तसंच घेऊन कॉलनीत परतायचं होतं. खिडकीतून ती दिसत होती. मधल्या वाटेत उभी राहून लोकांना सामान कसं लावायचं ते सांगत होती, ट्रंक खाली, पोतं त्यावर, कोंबड्या सीटखाली. कंडक्टर तिच्यावर खेकसला, पण मग तिने सांगितलं तसंच त्याने पोतं सरकवलं. नंदा हात हलवत होती. हौसाबाईचं लक्षच नव्हतं. गाडी वळली तेव्हा ती पुढच्या माणसाला त्याची पिशवी उचलायला लावत होती.